खाणीतल्या बायका आणि त्यांचा रेडिओ

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

भाकऱ्या उरकून भांडी घासता घासता ऐकत असाल त्यांना नमस्कार, आणि गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसलेल्यांनाही नमस्कार.

हल्ली गावांतून एक प्रश्न सारखा येतो. घरोघरी मोबाइल आहे, टीव्ही आहे, मग हा रेडिओ चालवायचा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मी माझ्या पदरचं देणार नाही. त्याऐवजी आज एका लांबच्या देशाची हकिगत सांगते. तिथे गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन स्वतःचे रेडिओ उभे केले, आणि पुढे जेव्हा जेव्हा सैन्य वस्तीत घुसलं, तेव्हा ते आधी रेडिओकडे वळलं. माणसांची घरं मागाहून.

देशाचं नाव बोलिव्हिया. दक्षिण अमेरिकेच्या मधोमध आहे, समुद्र कुठूनच लागत नाही. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साडेतीनपट, पण माणसं सव्वा कोटीच्या आतच. अर्धा देश खाली, जंगलात. उरलेला वर, अँडीज नावाच्या डोंगरांवर. वर म्हणजे किती वर? आपलं कळसूबाई शिखर सोळाशे मीटरच्या थोडं पुढे आहे. तिथली राजधानीसारखी नगरी ला पाझ साडेतीन हजार मीटरच्या वर वसली आहे. ज्या खाणींबद्दल मी बोलणार आहे त्या त्याहूनही उंचावर. थंडी अशी की झाड दिसत नाही, आणि हवा इतकी विरळ की नवखा माणूस चार पावलांत धापा टाकतो.

त्या डोंगरांत कथील निघायचं. कथील म्हणजे तेच, पितळेच्या भांड्यांना कल्हई करायला लागतं ते. डबाबंद अन्नाचे डबे गंजू नयेत म्हणून त्यांना कथलाचा मुलामा देतात. आणि रेडिओ उघडून पाहिला असेल तर आत तारांच्या सांध्यांवर चकचकीत थेंब दिसतात ना, त्या डाखातही कथीलच असतं. म्हणजे जगभरच्या रेडिओंचे सांधे ज्यांच्या घामावर जोडले गेले, त्यांची ही गोष्ट.

खाणी आधी तीन बड्या धनिकांच्या ताब्यात होत्या. 1942 साली डिसेंबरच्या 21 तारखेला काताव्ही इथल्या खाणीवर मजुरीवाढ मागायला निघालेल्या कामगारांवर आणि बायकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. त्या जमावाच्या पुढे झेंडा घेऊन मारिया बार्सोला नावाची बाई होती, ती तिथेच पडली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे एका रेडिओचं नावच ते झालं. दहा वर्षांनी, 1952 च्या एप्रिलमध्ये, त्या देशात क्रांती झाली. बायकांना आणि अक्षर न येणाऱ्यांना पहिल्यांदा मत मिळालं, आणि तिन्ही धनिकांच्या खाणी सरकारने घेतल्या. मालक बदलला. खाणीतली धूळ मात्र तीच राहिली, आणि फुप्फुसात ती धूळ बसून तरुण माणसं मरायची तशीच मरत राहिली.

या खाणींपैकी सगळ्यात मोठ्या वस्तीचं नाव सिग्लो व्हेंते, म्हणजे ‘विसावं शतक’. नाव काय, आणि हाल काय! खोल्या कंपनीच्या. एका कुटुंबाला एक खोली, तीत आई, बाप, सात पोरं. पाणी सार्वजनिक नळावर रांग लावून. धान्य, साखर, मांस कंपनीच्या दुकानातून, त्याला ते पुल्पेरिया म्हणत. उधारी पगारातून कापून घ्यायची, त्यामुळे पगाराच्या दिवशी हातात काय उरेल याचा नेम नाही. आणि नवरा खाणीत मेला, की खोली कंपनीची म्हणून बाईने पोरं घेऊन बाहेर पडायचं. अशा कितीतरी विधवा खाणीबाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगांवर बसून हाताने दगड फोडत, त्यातला उरलासुरला धातू वेचत.

या वस्तीत दोमितिला बारियोस दे चुंगारा नावाची बाई राहायची. जन्म 1937 चा. आई लवकर गेली, धाकट्या बहिणी हिनेच वाढवल्या. लग्न खाणकामगाराशी. तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नवऱ्याचा नाश्ता झाला की सालतेन्या करायला बसायचं. सालतेन्या म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराची, पण आत मांस-बटाट्याचं तिखट सारण भरलेली. रोज सुमारे शंभर करायच्या आणि रस्त्यावर विकायच्या. पोरं शाळेच्या आधी आणि नंतर मदतीला. ती म्हणायची की नवरा खाणीत राबतो ते कंपनीला दिसतं, पण तो राबू शकतो तो आमच्या राबण्यावर, आणि त्याचा पगार कुणी मोजत नाही. तिने एकदा हिशेबच मांडला होता: धुणं, स्वयंपाक, पोरं सांभाळणं ही कामं बाहेरच्या माणसाकडून करून घेतली तर किती पैसे पडतील? उत्तर नवऱ्याच्या पगारापेक्षा जास्त आलं. आपल्यापैकी कुणी असा हिशेब मांडलाय का? आज संध्याकाळी मांडून पाहा.

आता रेडिओ. 1940 चं दशक संपता संपता खाणकामगारांच्या संघटनांनी पहिली केंद्रं सुरू केली, आणि पुढच्या वीस वर्षांत त्यांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात गेली. ना सरकारचा पैसा, ना जाहिरातदारांचा. कामगार आपल्या मजुरीतून ठराविक रक्कम संघटनेकडे कापून देत. त्यातून यंत्रं आली, तीही बहुतेक साधी. संघटनेच्या इमारतीत एक खोली, भिंतींना आवाज शोषायला काहीतरी लावलेलं, एक मायक्रोफोन, तबकड्या वाजवायचं यंत्र, आणि छपरावर तार. ‘खाणकामगाराचा आवाज’ असं एका केंद्राचं नाव. काताव्हीच्या केंद्राचं नाव ‘21 डिसेंबर’. ऐकणाऱ्याला नाव ऐकताच कळायचं की हे कुणाचं आहे.

एरवी या केंद्रांवर काय चालायचं? गाणी चालायची, फुटबॉलचे सामने चालायचे, कामगारांच्या सभा जशाच्या तशा ऐकवल्या जायच्या. आणि निरोप! मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे निरोपांचं काम. डोंगरात टेलिफोन नव्हता, टपाल आठवड्यांनी. मग माणूस केंद्रावर यायचा आणि सांगायचा की अमक्या गावच्या अमकीला कळवा, तुझी आई आजारी आहे, मिळेल त्या गाडीने ये. किंवा, ट्रक शनिवारी येतोय, बटाट्याची पोती रस्त्यावर आणून ठेवा. निरोप स्पॅनिशमध्ये नव्हे, केचुआ किंवा आयमारा या घरच्या भाषांत. शाळा स्पॅनिशची, कचेरी स्पॅनिशची, दवाखाना स्पॅनिशचा. डोंगरातल्या कितीतरी बायकांना ती भाषा यायचीच नाही. रेडिओ हे एकच सरकारी-वाटणारं यंत्र होतं जे त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचं. त्या डोंगरांत बरीच वर्षं टेलिफोनचं कामही रेडिओनेच केलं.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगते, कारण पुढची हकिगत त्यावर अवलंबून आहे. आपला हा रेडिओ एफएम आहे. याचा आवाज स्वच्छ, पण तो साधारण नजरेच्या रेषेत जातो. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या वाडीला खरखर. खाणीतली केंद्रं बहुतेक मध्यम लहरी आणि लघुलहरींवर चालायची. त्या लहरी डोंगर ओलांडतात, रात्री तर फार लांब जातात. आवाज घोगरा येतो, वर-खाली होतो, पण येतो. आणि एका केंद्राचा आवाज दुसऱ्या केंद्राने साध्या रेडिओवर पकडला, तर तो तिथून पुन्हा सोडता येतो. तार लागत नाही, खांब लागत नाही. पणतीने पणती लावावी तसं.

बायका या रेडिओवर कशा आल्या ते ऐका. 1961 साली पगार थकले, दुकानातलं धान्य संपलं, आणि पुढाऱ्यांना पकडून ला पाझला नेलं. त्यांच्या बायका पोरं घेऊन राजधानीत गेल्या आणि उपोषणाला बसल्या. नवरे सुटले, पगारही मिळाले. परत आल्यावर साठ-सत्तर जणींनी मिळून गृहिणींची समिती स्थापन केली. गृहिणींचीच, नाव तेच. सुरुवातीला आपलेच पुरुष हसले. सभेत बाई बोलायला उठली की ओरडायचे, घरी जा, चूल सांभाळ. या बायकांनी ते ओरडणं ऐकून घेतलं आणि रेडिओच्या खोलीचा दरवाजा धरला. सभेत ओरडून बाईला खाली बसवता येतं. मायक्रोफोनपुढे बसलेल्या बाईला कसं बसवणार? त्या पत्रकं लिहून केंद्रावर वाचू लागल्या. दुकानात मांस आलं नाही. शाळेत मास्तर नाही. औषध संपलंय आणि दवाखान्याचा डॉक्टर जागेवर नाही. नाव घेऊन, तारीख घेऊन. दोमितिला दोन वर्षांनी या समितीत आली आणि पुढे तिची प्रमुख झाली.

त्याच वस्तीत आणखी एक केंद्र होतं, चर्चचं. पोप पीयूस बारावे यांच्या नावाचं, 1959 मध्ये सुरू झालेलं. ते आलं होतं मुळात कामगारांच्या लाल झेंड्याला विरोध करायला. संघटनेचा रेडिओ एक बोलायचा, पाद्र्यांचा त्याच्या उलट. पण पाद्री त्याच वस्तीत राहत होते. मयताला जात होते, कफनाला पैसे नसलेलं घर पाहत होते. काही वर्षांत त्यांचा सूर बदलला, आणि मग सरकारला तेही केंद्र संघटनेच्या केंद्राइतकंच खुपू लागलं. यातला दोष किंवा श्रेय कुणा एका पाद्र्याला देऊ नका; माणूस जिथे राहतो तिथलं पाणी त्याला लागतंच.

1964 मध्ये लष्कर सत्तेवर आलं. पुढच्या वर्षी खाणकामगारांची मजुरी जवळजवळ निम्म्यावर आणली. संघटनांवर बंदी, पुढारी भूमिगत. 1967 च्या जूनमध्ये, 23 तारखेच्या रात्री, सेंट जॉनचा सण होता. तिकडे जून म्हणजे कडाक्याचा हिवाळा. आपल्या होळीसारख्या दारोदार शेकोट्या पेटवतात, गाणी, नाच, फटाके. दुसऱ्या दिवशी खाणकामगारांची मोठी बैठक भरायची होती. पहाटे लोक नुकते झोपले होते तेव्हा सैनिकांनी सिग्लो व्हेंते घेरलं. गोळ्यांचा आवाज आला तेव्हा कित्येकांना वाटलं, अजून फटाकेच चालू आहेत. वीसच्या वर माणसं मेली, त्यात बायका होत्या, पोरं होती. कामगारांचे पुढारी रोसेन्दो गार्सिया मायस्मान संघटनेचा रेडिओ वाचवताना तिथेच मारले गेले. दोमितिला तेव्हा गरोदर होती. सरकारविरुद्ध उघड बोलली म्हणून तिला पकडलं, तुरुंगात मारहाण झाली, आणि ते बाळ जगलं नाही. याच्यावर मी जास्त बोलणार नाही. ऐकणाऱ्यांत कुणाच्या मांडीवर लेकरू असेल.

1975 च्या जानेवारीत सैन्य पुन्हा आलं. या वेळी सरळ केंद्रांवर. संघटनांचे रेडिओ आणि पाद्र्यांचा रेडिओ, यंत्रं फोडली, उरलेली उचलून नेली. कामगारांनी संप केला, आणि मागणी मजुरीची नव्हती, आमचा रेडिओ परत द्या ही होती. विचार करा, हातावर पोट असलेली माणसं रेडिओसाठी काम बंद ठेवतात. आपल्याकडे शौकाची चीज वाटते ती त्यांना भाकरीच्या ओळीत का वाटली, ते यावरून कळतं. रेडिओ नसला की आज कुणाला पकडलं, दुसऱ्या खाणीत काय चाललंय, संप मोडला की टिकला, काहीच कळत नाही. आणि सरकारी रेडिओ सांगतो, सगळे कामावर रुजू झाले आहेत, तुम्ही एकटेच उरलात.

त्याच वर्षी मेक्सिकोत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाची मोठी परिषद झाली. दोमितिला तिथे गेली. आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर. तिथे मोठमोठ्या विदुषी होत्या, वकील होत्या, पुढाऱ्यांच्या बायका होत्या. बाई बाई सगळ्या एक, असं कुणी म्हणालं तेव्हा तिने विचारलं, तुमच्या दाराशी गाडी उभी असते आणि माझी खोली कंपनीची, नवऱ्याची नोकरी गेली की मला रस्त्यावर काढतील. मग आपण एक कशा? हे बोलणं पुष्कळ जणींना झोंबलं. पण नंतर मोएमा व्हीएझर नावाच्या ब्राझीलच्या अभ्यासक बाईने तिचं सांगणं ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि 1977 मध्ये त्याचं पुस्तक केलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ, ‘मला बोलू द्याल तर’. जगातल्या कितीतरी भाषांत ते गेलं. लिहिलेलं नव्हे, बोललेलं पुस्तक आहे ते.

त्याच वर्षाच्या शेवटी, 28 डिसेंबरला, खाणवस्त्यांतल्या चार बायका आपली पोरं घेऊन ला पाझच्या आर्चबिशपांच्या कचेरीत उपोषणाला बसल्या. चार बायका आणि चौदा पोरं. हुकूमशहा होता जनरल बान्सेर. मागण्या सरळ होत्या: देशाबाहेर हाकललेल्यांना परत येऊ द्या, कामावरून काढलेल्यांना घ्या, संघटनांवरची बंदी उठवा, खाणींतून सैन्य काढा. पहिल्यांदा लोक म्हणाले, चार बायकांनी काय होतंय? पण दुसरा गट बसला, तिसरा बसला, दोमितिलाही बसली, पाद्री बसले, विद्यार्थी बसले. तीन आठवड्यांत उपोषण करणारे हजाराच्या पुढे गेले, आणि जानेवारीत जनरलने हात टेकले. सात वर्षं बंदुकीने हललं नव्हतं ते हललं.

आणि आता 1980. जुलैच्या 17 तारखेला पुन्हा लष्करी उठाव झाला. ला पाझमधले रेडिओ पहिल्याच दिवशी ताब्यात घेतले, सगळीकडून फक्त लष्करी बँड. तेव्हा डोंगरातल्या खाणकेंद्रांनी हातात हात धरले. मघाशी सांगितलं ना, एकाचा आवाज दुसऱ्याने पकडून पुढे सोडायचा? तसंच. त्याला त्यांनी लोकशाहीची साखळी म्हटलं. कुठल्या रस्त्याने सैन्य येतंय, कुठे गोळीबार झाला, कुणाला पकडलं, हे सगळं त्या साखळीतून देशभर आणि देशाबाहेरही जात राहिलं. केंद्राभोवती कामगार, बायका, पोरं पहारा देत. एक केंद्र पडलं की पुढचं सूत्र हाती घ्यायचं. आनिमास नावाच्या एका खाणीवरचं केंद्र शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी. त्याच्या अखेरच्या प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण उरलं आहे. सैन्य किती जवळ आलं ते निवेदक सांगतो आहे, आणि आपल्यामागे कुणी साखळी धरावी ते सांगतो आहे. सगळी केंद्रं बंद पडायला आठवडे लागले. राजधानी एका सकाळीत गप्प झाली होती.

दोमितिला त्या दिवसांत कोपनहेगनला महिलांच्या परिषदेत होती. तिला परत जाता येईना. काही वर्षं स्वीडनमध्ये परागंदा राहिली.

पण मैत्रिणींनो, या रेडिओंना बंदुकीने मारलं नाही. ते प्रत्येक वेळी पुन्हा उठले. त्यांना मारलं बाजारभावाने. 1985 मध्ये जगात कथलाचा भाव कोसळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने एक फर्मान काढून सरकारी खर्च छाटला, आणि बघता बघता वीस हजारांहून जास्त खाणकामगार घरी बसवले. कामगारांनी आणि बायकांनी दुसऱ्या वर्षी राजधानीकडे पायी मोर्चा नेला. सैन्याने वाटेतच अडवला. लोक बिऱ्हाड गुंडाळून शहरांच्या कडेला गेले, काही खाली जंगलपट्ट्यात कोकाची शेती करायला गेले. मजुरीच नाही तर वर्गणी कुठून? एकेक केंद्र बंद पडलं, यंत्रं विकली गेली. हुआनुनीच्या खाणीचं आणि पाद्र्यांचं, अशी मोजकी तगली.

टेलिफोनची कथा अगदी वेगळी आहे, आणि आपल्या साखर कारखान्यांची आठवण करून देणारी. त्या देशातल्या मोठ्या शहरांत टेलिफोन सहकारी संस्थांचे होते. ला पाझला एक, कोचाबांबाला एक, सांता क्रूझला एक. फोन हवा तर आधी शेअर घ्या, सभासद व्हा. शेअर घेतला की तुम्ही मालक, मत द्यायचा हक्क. ऐकायला किती छान! पण त्या शेअरची किंमत हजार डॉलरच्या पुढे गेली होती. म्हणजे शहरातला पगारदार सभासद, आणि भाजीवाली बाहेरच. पुढे मोबाइल आला आणि त्या शेअरची किंमत घसरली. ज्यांनी लेकीच्या लग्नासारखी पुंजी त्यात घातली होती ते हळहळत बसले. सहकार शब्द पाटीवर असला म्हणजे दार सगळ्यांना उघडं असतंच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

गावोगावच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनचं काम एन्तेल नावाच्या कंपनीकडे होतं. ती 1965 साली सरकारने काढली. 1995 मध्ये तिचा निम्मा भाग आणि कारभार इटलीच्या कंपनीकडे गेला. 2008 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, कामगार दिनीच, राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी ती परत सरकारकडे घेतली. मोरालेस स्वतः आयमारा शेतकरी घरातले. खासगी कंपनी डोंगरातल्या वीस घरांच्या वाडीसाठी मनोरा उभारत नाही, कारण वसूल काय होणार? मग त्यांच्या सरकारने वाट वेगळी काढली: उपग्रह.

2013 च्या डिसेंबरमध्ये चीनमधून तो सोडला. किंमत सुमारे 30 कोटी डॉलर, तेही बरंचसं चीनचंच कर्ज. विषुववृत्तावर 36 हजार किलोमीटर उंचीवर तो एका जागी लटकल्यासारखा राहतो, कारण पृथ्वीच्या वेगानेच फिरतो. अंगणात ताटली लावा, त्याच्याकडे तोंड करा, डोंगर आडवा येत नाही. शाळांतून इंटरनेटच्या खोल्या झाल्या, टीव्ही वाड्यांपर्यंत गेला. त्याचं नाव तुपाक कातारी. 1781 मध्ये स्पॅनिश राज्यकर्त्यांविरुद्ध उठलेला आयमारा वीर, ज्याने ला पाझला महिनोन् महिने वेढा घातला. त्या वेढ्यात त्याची बायको बार्तोलिना सिसा बरोबरीने होती, फौजेचं नेतृत्व करत होती. तिलाही 1782 च्या 5 सप्टेंबरला मारलं. उपग्रहाला नाव नवऱ्याचं मिळालं. बायकोचं नाव मिळालं शेतकरी बायकांच्या देशव्यापी संघटनेला, आणि 5 सप्टेंबर हा आदिवासी स्त्रियांचा दिवस म्हणून पाळतात. मला विचाराल तर वाटणी वाईट झाली नाही. उपग्रहाचं आयुष्य पंधरा वर्षांचं धरलेलं असतं.

उपग्रहाला मी नावं ठेवत नाही. प्रसूतीच्या वेळी डॉक्टरला फोन लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण वरून येणारा आवाज बहुतेक दुसऱ्याचा असतो. दुकानात मांस आलं नाही, हे उपग्रहावरून कोण सांगणार?

म्हणून मला तिथला 2011 चा कायदा जास्त मोलाचा वाटतो. आवाज सोडायला हवेतली जागा लागते, आणि ती जागा मोजकी असते, बाजारातल्या ओट्यांसारखी. त्या कायद्याने ओटे वाटून दिले. सरकारला 33 टक्क्यांपर्यंत, धंदेवाल्यांना 33 टक्क्यांपर्यंत, सामाजिक-सामुदायिक केंद्रांना 17 आणि आदिवासी-शेतकरी समाजांना 17. बेरीज करून पाहा, लोकांचा वाटा तिसरा हिस्सा झाला. कागदावरचा वाटा आणि हातातला वाटा यात अंतर असतंच. केंद्र चालवायला वीज लागते, माणूस लागतो, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला पैसे लागतात. आणि सरकारने दिलेल्या यंत्रावर सरकारविरुद्ध किती बोलता येतं, हा प्रश्न तिथेही विचारला गेलाच. खाणकामगारांचा रेडिओ त्यांच्या मजुरीवर चालत होता, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडला नव्हता.

आपल्याकडेही हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या फेब्रुवारीत सांगितलं. तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर 2006 मध्ये गावच्या संस्थांना असं केंद्र काढायची परवानगी मिळू लागली. मर्यादा आहेत: ताकद शंभर वॉटची, मनोरा तीस मीटरचा, आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. माझ्या मते ही बातम्यांवरची बंदी आता उठायला हवी, आणि हे मत आपण योग्य जागी लेखी कळवत राहिलं पाहिजे. पण पाणी कधी सुटणार, दाखला कुठे मिळतो, दवाखान्यात लस कोणत्या वारी, हे सांगायला कुणाची आडकाठी नाही, आणि तेवढंही आपण पुरतं सांगत नाही.

दोमितिलाबाई 2012 च्या 13 मार्चला कोचाबांबात गेल्या. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. पाद्र्यांचं ते केंद्र त्यांच्यामागेही बोलत राहिलं.

आता एक काम सांगते. आपला आवाज कुठवर पोचतो याचा नकाशा आपल्याकडे नाही. पुढच्या बैठकीला रेडिओ घेऊन या, आणि गटातल्या प्रत्येकीने आपल्या घराच्या ओट्यावर, शेताच्या बांधावर आणि डोंगरापलीकडच्या वाडीत तो लावून पाहा. कुठे स्वच्छ येतो, कुठे खरखरतो, कुठे गप्पच होतो, ते गावाच्या नावासकट वहीत लिहून केंद्रावर पाठवा. मनोरा उंच करता येणार नाही, पण अँटेनाची दिशा बदलता येते का ते आमच्या तंत्रज्ञ मुलीला विचारून ठेवलं आहे. ती म्हणते, आधी यादी आणा.